सव्वातेरा फूट

डॉक्टरीणबाईंनी ओरेस्टचा कागद वाचला,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि म्हणाल्या, बटाटा बंद, पाव बंद, शेवया बंद.
मी म्हटलं, नवरा तरी चालू ठेवायचा ना?
त्या हसल्या नाहीत.
यॉर्कटनहून परतताना ओरेस्ट चाळीस मैल गप्प,
दोन्ही बाजूंना पिवळा पडत आलेला गहू.

धाकट्या लारिसानं रेजायनाहून खोकं पाठवलं.
पांढरं प्लास्टिक, एक दांडा, तीन पाती,
वासराच्या ओठांसारखे ओट्याला चिकटणारे
चार रबरी पाय.
भाजीच्या शेवया करायचं यंत्र!
मी ते होतं तसं खोक्यात घातलं.

माझ्या शेवया म्हणजे बारा अंडी,
आणि पोळी इतकी पातळ
की टेबलावरचा जळका डाग खालून दिसावा.
खुर्च्यांच्या पाठींवर चादर, चादरीवर पोळ्या वाळत,
त्या दिवशी मुलांनी उभ्यानं जेवायचं.
मग गुंडाळी, मग सुरी.
सुरीचा आवाज पार कोठारापर्यंत यायचा, म्हणतो ओरेस्ट.
खोटं बोलतो. पण म्हणतो.

पन्नास वर्षांत हा माणूस माझ्या ओट्यापाशी आला
तो फक्त हात धुवायला.
मंगळवारी उठून पाहते तर
यंत्र वर्तमानपत्रावर सुटं, स्क्रू एका ओळीत,
पातं उजेडाला धरलेलं.
"आपल्या कंबाइनसारखंच आहे गं, स्टेफ्का.
फक्त इथं पातं थांबतं
आणि पीक फिरतं."

ऑगस्टात आमच्या गावात गाड्यांना कुलूप लागतं
ते चोरांच्या भीतीनं नाही,
मागच्या सीटवर कुणी झुकिन्या टाकून जाऊ नये म्हणून.
ओरेस्टनं त्या मागून आणल्या.
पारास्काच्या वाफ्यातून, चर्चच्या पायरीवरून,
दोन तर काखेत, तान्ह्या बाळांसारख्या.

दांडा फिरला. ओला हिरवा दोर निघाला तो तुटेचना.
तो फिरवतोय, मी टोक धरून मागे मागे,
फ्रीज, दार, बुटांची फळी,
टाच अंगणाच्या पायरीवर गेली तेव्हा ओरडला,
"हलू नकोस!"
आणि टेप आणायला धावला.
धावला, त्या बदललेल्या गुडघ्यानं.

सव्वातेरा फूट.

रोजची साखर लिहितो त्याच वहीत लिहिलं,
डावीकडे साखर, उजवीकडे लांबी.
बीट: नऊ फूट, रविवारचा शर्ट बाद.
गाजर: तुटतं.
सलगम: हट्टी, यंत्राचा एक पाय उचलला.

चवीचं विचाराल तर, पाणी.
मीठ लावून पिळलं, लोण्यात कांदा परतला, वर शेपू,
तरी ताटात तळं साचायचं ते साचतंच.
तो काट्याला गुंडाळतो, चावतो, म्हणतो, "बरं आहे."
गारपिटीच्या वर्षी शेतातून परत आला
तेव्हाही हेच म्हणाला होता.

झुकिनीच्या मधोमध एक काडी उरते,
पेन्सिलीएवढी, डोक्यावर टोपी.
ती मी सिंकपाशी उभ्याउभ्या मीठ लावून खाते,
पोळीच्या कच्च्या कडा खायचे तशी.

रविवारी मी पोट दुखतंय म्हटलं.
तो एकटा चर्चला गेला.
एक अंडं, मूठभर पीठ,
चादर नाही, एकच खुर्ची.
अकरा शेवया.
हिरव्या ढिगाऱ्यात खोल पुरल्या.

तिसऱ्या घासाला त्याचा जबडा थांबला.
माझ्याकडे पाहिलं नाही,
खिडकीबाहेरच्या रिकाम्या खळ्याकडे पाहिलं,
मग खात राहिला, सावकाश,
काही वेचणं नाही, काही बाजूला सारणं नाही.

रात्री तो घोरायला लागल्यावर वही उघडली.
डावीकडे: आठ पूर्णांक एक.
उजवीकडे फूट लिहून खोडलेलं,
आणि त्याखाली, पेन्सिल दाबून:
अकरा. एक तुटकी.